उन्हाळ्यात गॅरेजमधलं वर्कशॉप थंड ठेवायचं तर सुरुवात छतापासून करा

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये काम करणारा माणूस पहिली चौकशी करतो ती कूलरची, नाहीतर एसीची. माझ्या मते सुरुवातच इथे उलटी होते. तापलेल्या पत्र्याखाली एसी चालवणं म्हणजे फुटक्या टाकीत पंपाने पाणी भरत राहणं. आधी उष्णता आत येणं थांबवा. मग जी आलीच आहे ती बाहेर काढा. मग अंगावर वारा घ्या. एवढं करूनही भागलं नाही तर यंत्राकडे वळा. पहिली दोन कामं नीट झाली तर यंत्राची गरज बऱ्याच जणांना उरत नाही, आणि उरली तरी लहान यंत्रावर निभावतं.

गॅरेज घरातल्या खोल्यांपेक्षा जास्त तापतं, कारण ते बांधलेलं असतं गाडीसाठी. छत पातळ, भिंती एकेरी, समोर भलंमोठं लोखंडी शटर आणि खिडकी असलीच तर एखादी. गाडीला त्याने काही फरक पडत नाही. चार तास उभं राहून रंधा मारणाऱ्याला पडतो.

आधी मोजा

खर्च करण्याआधी एक दिवस मोजण्यात घालवा. दोन साधे थर्मामीटर पुरतात, एक आत कामाच्या टेबलाच्या उंचीवर आणि दुसरा बाहेर सावलीत. सकाळी, दुपारी बाराला, तीनला आणि सूर्य मावळल्यावर दोन्हींचे आकडे लिहून ठेवा. भर दुपारी आत बाहेरपेक्षा जास्त गरम असेल तर छत किंवा शटर तापतंय. दिवसभर बरं वाटतं आणि संध्याकाळी सात वाजता भट्टी होते, असं असेल तर तो स्लॅबचा प्रताप आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि काही तासांनी ते खाली सोडायला लागतं. पत्र्याचं तसं नाही. ऊन आलं की लगेच तापतो, ढग आला की लगेच निवतो.

हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर फारच उत्तम. दुपारी तीनला छताची आतली बाजू, पश्चिमेची भिंत, शटर आणि खिडकीची काच अशी एकेक जागा मोजत जा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चकचकीत पत्र्यावर हे यंत्र साफ चुकीचा आकडा दाखवतं, कारण तशा पृष्ठभागावरून उष्णतेचे किरण फार कमी निघतात आणि यंत्राला समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. पत्र्यावर मास्किंग टेपचा चार बोटं लांब तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. पत्रा ४० अंश दाखवत असेल आणि टेप ६०, तर खरा आकडा ६० चा.

आता या आकड्यांवरून ठरवा. सर्वांत गरम जागा छत निघाली तर पुढचा भाग सावकाश वाचा. शटर निघालं तर थेट त्याच्या भागाकडे जा. बहुतेकांच्या बाबतीत छतच निघतं.

छत

निरभ्र आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. २० चौरस मीटरचं छत धरलं तर ते झाले २० किलोवॅट. त्यातलं किती आत येतं, हाच सगळा प्रश्न.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. नुसता पत्रा तापून ६० अंशांवर गेला आहे आणि आत तुम्हाला २८ अंश हवेत. अशा २० चौरस मीटर पत्र्यातून सुमारे ४ किलोवॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी जास्तीत जास्त साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे तो एकट्या छतापुढेच हरला. शटर, भिंती आणि मशिनं अजून मोजलेलीच नाहीत. त्याच पत्र्याखाली ५० मिलिमीटर जाडीचा थर्मोकोल नीट बसवला तर हाच आकडा ४०० वॅटच्या आसपास येतो, दहावा भाग! म्हणून छत सोडून बाकी कशावरही आधी पैसे घालू नका असं मी म्हणतो.

छतावर तीन प्रकारे काम करता येतं, आणि तिन्ही एकत्रही चालतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वरून पांढरा रंग. ताजा, चांगल्या प्रतीचा पांढरा लेप अंगावर पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. गडद रंगाचं छत बहुतेक सगळं ऊन शोषून घेतं. छतांसाठी मिळणारा, ताणला तरी न तडकणारा उष्णता परावर्तक लेप घ्या. घरात भिंतींना लावायचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरतो. काम करताना कंटाळा करू नये अशी पायरी म्हणजे साफसफाई. पत्रा असेल तर गंज तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर मारा, मग दोन हात द्या. स्लॅब असेल तर शेवाळ काढून पूर्ण वाळू द्या आणि भेगा आधी भरून घ्या. रंग सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात लावा, तापलेल्या छतावर तो नीट धरण्याआधीच सुकतो. पुढच्या वर्षांत धूळ बसून पांढरेपणा कमी होतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छत एकदा धुऊन घ्यायचं. चुन्याचा हातही चालतो, फक्त तो पावसात वाहून जातो आणि दर वर्षी द्यावा लागतो.

इथे एक सावधगिरी. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. त्याला ब्रशने घासू नका, भोकं पाडू नका, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. असं छत जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे आतून चमकदार फॉइल. तापलेला पत्रा खाली उष्णतेचे किरण सोडतो आणि डोक्यावर शेकोटी धरल्यासारखं वाटतं ते याच किरणांमुळे. हवा ३५ अंशांची असूनही ४५ ची भासते. फॉइल हे किरण अडवते, पण तिच्या चमकत्या बाजूपुढे मोकळी हवा असेल तरच. चमकती बाजू पत्र्याला चिकटवलेली फॉइल जवळजवळ वाया गेली असं समजा, कारण मग उष्णता थेट धातूतून धातूत उतरते. छताच्या आडव्या पट्ट्यांच्या खालच्या बाजूने ती ताणून बसवा, म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान दोन-तीन सेंटिमीटरची फट राहील. एकच बाजू चमकदार असेल तर ती खाली येऊ द्या. वरच्या बाजूवर धूळ साचते आणि साचलेल्या धुळीखाली चमक निकामी होते. फॉइलमधून वीज वाहते, हेही विसरू नका. जवळून जाणाऱ्या सगळ्या वायरी पाइपातून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका आणि पिना मारताना मेन स्विच बंद ठेवा.

तिसरा आणि सर्वांत परिणामकारक प्रकार म्हणजे इन्सुलेशन. थर्मोकोल, दाट फोमचे बोर्ड, रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) यांपैकी काहीही चालेल. ५० मिलिमीटर थर्मोकोल उष्णता अडवण्यात सुमारे दोन मीटर जाड काँक्रीटच्या तोडीचा आहे, त्यामुळे स्लॅब जाड आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. स्लॅबवर इन्सुलेशन वरून घातलं तर जास्त चांगलं, कारण मग काँक्रीट तापतच नाही. पण त्यावर वॉटरप्रूफिंग आणि चालण्याजोगा थर लागतो, आणि ते काम जाणत्या माणसाचं. आतून करायचं तर छताखाली हलका सांगाडा उभारून त्यात बोर्ड बसवा. फटी राहू देऊ नका, राहिलेल्या टेपने बंद करा.

ज्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालतं तिथे उघडा थर्मोकोल किंवा फोम ठेवायचाच नाही. एक ठिणगी पुरते, आणि जळताना त्याचा धूर जिवावर बेततो. फोम वापरलात तर त्याखाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड हवाच. माझी पसंती अशा जागी रॉकवूलला, कारण ते पेट घेत नाही. बसवताना हातमोजे, चष्मा आणि मास्क घालायचा, अंगाला फार खाजतं.

शटर, भिंत, खिडकी

ऊन काचेच्या किंवा पत्र्याच्या आत आलं की उशीर झाला. म्हणून सावली नेहमी बाहेरून करायची. पश्चिमेकडच्या शटरसमोर दुपारनंतर सावली पडेल असं पाहा. पुढे आलेलं छप्पर, ताणलेली ताडपत्री किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट, काहीही चालेल. शेडनेट शटरला टेकवू नका. हातभर अंतर सोडा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. पश्चिमेच्या भिंतीलाही हाच न्याय, तिथे जाळीवर चढवलेला वेल उत्तम काम करतो. खिडक्यांच्या बाबतीत पूर्व-पश्चिमेच्या जास्त त्रास देतात, कारण सूर्य खाली असताना ऊन थेट आत घुसतं.

शटरला आतून इन्सुलेशन लावायचा मोह होतो. गुंडाळलं जाणारं शटर असेल तर ते जमणारच नाही. पट्ट्यांवर चिकटवलेलं काहीही पहिल्याच गुंडाळीत निघून येईल किंवा शटर अडकेल. त्याऐवजी आतल्या बाजूला वीतभर अंतरावर जाड, दुहेरी पडदा सरकत्या दांडीवर लावा. सबंध पॅनेल वर सरकणारं दार असेल तर पॅनेलांमध्ये बोर्ड बसवता येतात, पण त्याने दाराचं वजन वाढतं आणि स्प्रिंगचा तोल बिघडतो. दार हाताने अर्ध्यावर उचलून हात सैल करून पाहा. ते तिथेच थांबलं तर ठीक, खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग जुळवून घ्यावी लागेल. ते काम कारागिरालाच द्या. त्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतका ताण भरलेला असतो.

आतच तयार होणारी उष्णता

याकडे लोक बघतच नाहीत. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर चालताना दीड किलोवॅट वीज खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. म्हणजे खोली तापवायचा हीटर आणि तोही उन्हाळ्यात! तो बाहेर, छोट्या हवेशीर खोक्यात हलवा आणि फक्त पाइप आत आणा. आवाजही कमी होतो, हा वरचा फायदा. नुकतीच फिरवून आणलेली गाडी लगेच आत घेऊ नका, तास-दीड तास बाहेर निवू द्या. जुने हॅलोजन असतील तर एलईडी लावा.

हवा खेळती ठेवणं

गरम हवा वर जाते, तेव्हा तिला वरूनच वाट द्यायची आणि थंड हवा खालून, सावलीच्या बाजूने घ्यायची. एक्झॉस्ट फॅन शटरच्या समोरच्या भिंतीवर जमेल तितका वर बसवा. हवा आत येण्याची फट फॅनच्या अगदी जवळ ठेवू नका. तसं केलं तर फॅन तीच ताजी हवा ओढून बाहेर टाकतो आणि बाकीचं गॅरेज जसंच्या तसं राहतं.

केवढा फॅन घ्यायचा, ते असं काढा. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणा. ६ × ३.५ × ३ मीटर म्हणजे ६३ घनमीटर. तापलेल्या गॅरेजमधली हवा तासाला ३० वेळा बदलायची म्हटली तर तासाला १८९० घनमीटर हवा काढणारा फॅन लागेल. हा आकडा फॅनच्या खोक्यावर छापलेला असतो. तो सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट अशा मापात असेल तर १८९० घनमीटर म्हणजे अंदाजे १११० सीएफएम. जाळी आणि झडप लावल्यावर प्रत्यक्षात कमी हवा निघते, म्हणून थोडा मोठाच घ्या. आत येणारी वाट फॅनच्या भोकापेक्षा मोठी हवी. तीन मीटर रुंदीचं शटर खालून १५ सेंटिमीटर उघडं ठेवलं तरी पुरतं. कागदाची पातळ पट्टी त्या फटीपाशी धरून पाहा. ती आतल्या बाजूला जोरात फडफडली तर हवा नीट येतेय.

एवढा फॅन आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांनी गरम असताना सुमारे तीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. मात्र तो आतलं तापमान बाहेरच्या खाली नेऊ शकत नाही. म्हणून मघाचे दोन थर्मामीटर काढू नका. पत्र्याच्या गॅरेजमध्ये दिवसा आत नेहमी जास्त गरम असतं, तिथे फॅन दिवसभर चालू राहू दे. छताला इन्सुलेशन असलेल्या, विटांच्या गॅरेजमध्ये दुपारी उलट होतं. बाहेर ४० आणि आत ३४ असताना फॅन लावून बाहेरची लू आत ओढायची नाही. तिथे सकाळी उन्हं वर येईपर्यंत सगळं बंद करायचं आणि रात्री बाहेर गार झालं की उघडून फॅन लावायचा, म्हणजे भिंती आणि फरशी रात्रभरात निवतात. रात्री उघड्या वाटेला मजबूत ग्रिल हवं, हे सांगायला नको.

गॅरेज घराला लागून असेल तर हवा आत ढकलणारा फॅन न लावता बाहेर काढणाराच लावा. आत ढकलणारा फॅन रंगाचा, थिनरचा, पेट्रोलचा वास दाराच्या फटीतून घरात घालतो. आणि एक्झॉस्ट कितीही मोठा असो, आत इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पंखा, कूलर की एसी

पंखा खोली थंड करत नाही, माणसाला करतो. घाम वाळवतो म्हणून गार वाटतं. त्यामुळे छताला एक मोठा पंखा टांगण्यापेक्षा जिथे उभे राहता तिथे रोखलेला भिंतीवरचा पंखा बरा, आणि तुम्ही नसताना तो बंद. हवा ४० अंशांच्या वर गेली की मात्र पंखाच शरीर तापवायला लागतो. तेव्हा अंग ओलं करून बसा, नाहीतर सरळ काम थांबवा. दोन ठिकाणी पंखा अडचणीचा ठरतो. गॅस सोडणाऱ्या वेल्डिंगमध्ये वारा तो गॅस उडवून लावतो आणि जोडात बारीक भोकं पडतात. आणि लाकूडकामात पंखा समोरून असेल तर सगळा भुसा डोळ्यांत. तो पाठीमागून, तिरका घ्या.

कूलरचं सगळं गणित बाहेरच्या हवेतल्या ओलाव्यावर आहे. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो, म्हणजे सुखच. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर तो जेमतेम ३१ वर आणतो आणि वर अंग चिकट करतो. दमट हवेत कूलर घेऊच नका. कोरड्या हवेत घेतलात तर तो खिडकीबाहेर बसवा आणि समोरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवा. बंद गॅरेजमध्ये तो अर्ध्या तासात नुसता वाफारा करतो. लाकूडकाम करणाऱ्याने आणखी विचार करावा. ओलाव्याने फळ्या फुगतात आणि लोखंडी टेबलांवर रात्रीत तांबूस छटा येते. काम संपलं की टेबल कोरडं पुसून मेणाचा पातळ हात द्यायचा आणि कूलर बंद करून दहा मिनिटं एक्झॉस्ट चालवायचा.

एसी घ्यायचाच असेल तर छत झाल्यावर, फटी बुजवल्यावर आणि शक्यतो स्प्लिट. एकाच नळीचा फिरता एसी खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढली जाते, म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. भुशाच्या जागेत फिल्टर दर आठवड्याला धुवा. एसी तीच हवा फिरवत राहतो, त्यामुळे रंगकाम करताना तो बंद करून खिडक्या उघडायच्या. धूळ ओढणाऱ्या यंत्राचा निकास बाहेर काढलेला असेल तर तो थंड केलेली हवाही बाहेर फेकतो, हे धरून चाला.

सामान

तापलेल्या गॅरेजमध्ये काही वस्तू बिघडतात आणि काही पेटतात. स्प्रेचे डबे ५० अंशांच्या वर तापू द्यायचे नाहीत, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. पत्र्याखालच्या वरच्या फळीवर ते कधीच नसावेत. लिथियमच्या बॅटऱ्या घरात आणून थंड झाल्यावरच चार्ज करा. इपॉक्सी गोंद तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्या वेळात घट्ट होतो, तेव्हा थोडं थोडं कालवा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

आणि तुम्ही स्वतः

जड कामं पहाटे आणि सकाळी उरकून घ्या. आखणी, धार लावणं, फिनिशिंग यांसाठी दुपार ठेवा. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता. पण एकदम लिटर-लिटर नको, तासाला दीड लिटरच्या आतच ठीक. उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवस राबू नका, शरीराला उष्णता अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात. घामाने ओल्या हाताला विजेचा झटका जास्त जोरात बसतो, म्हणून गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, घामाच्या धारा लागल्या तर मशीन बंद करा, सावलीत बसा, कपडे सैल करा, पाणी प्या. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात आहे. आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. अंगावर गार पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.